पोथ्या वाचायला शिकायचंय, लंडनला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी 23 वर्षांची आहे. पुण्यातच इंग्रजी घेऊन बी.ए. आणि यंदा एम.ए. झाले. एम.ए.ला चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर होता. सरांनी त्याच्या काळातल्या हस्तलिखितांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. जुनी हस्तलिखितं आणि छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, याच विषयात पुढे जायचं ठरवलं आहे. लंडनमध्ये या विषयाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय, पण शिष्यवृत्ती नाही. फी, राहणं, व्हिसा धरून 45 लाखांच्या घरात जातं. बाबा राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. आईचा ठाम विरोध आहे. ती म्हणते, भांडारकर प्राच्यविद्या संस्था गावातच आहे, आधी तिथे जाऊन बस. संस्कृत मला दहावीपर्यंत होतं. मोडीचा सुट्टीतला वर्ग केलाय. पुस्तकातली मोडी वाचते, खरा कागद समोर आला की अडते. मी जावं का? इथे हे शिक्षण मिळतं का? पुढे नोकरीचं काय? आणि जाता जाता एक: आजोळी वाईला पोथ्यांचे तीन रुमाल आहेत. दिवाळीनंतर वाडा पाडणार आहेत. मामा म्हणतात, जीर्ण झाल्यात, कृष्णेत सोडून देऊ. त्यांचं काय करावं?
— ऋ. जो., सहकारनगर, पुणे

उत्तर: ऋ., जाता जाता विचारलेलं मी आधी घेते. लंडन पुढच्या वर्षीही असेल, वाडा नसेल.

मामांना आजच फोन कर आणि रुमाल आहेत तसे, गाठ न सोडता, बाजूला ठेवायला सांग. जीर्ण पोथी नदीत सोडायची ही आपल्याकडची जुनी, भाबडी रीत आहे. त्यात मामांचा दोष नाही. पण वाईसारख्या गावात कुठल्या रुमालात काय निघेल याचा नेम नसतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला, त्यातले पानिपताचे कागद वाईतच मिळाले होते. तुमच्या रुमालात पानिपत नसेल. बहुधा सत्यनारायण, शिवलीलामृत, एखादं व्रतमाहात्म्य, आणि मधेच घुसलेले मोडी कागद असतील. घरचे लोक नेमके ते मोडी कागद ‘हे काय, जुने हिशेब’ म्हणून काढून टाकतात. टाकू देऊ नकोस. कोणत्या साली ज्वारी काय भावाने घेतली, कोणाकडून किती येणं राहिलं, हे गावाच्या इतिहासाला शिवलीलामृताच्या आणखी एका प्रतीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

शक्य तर स्वतः जा. रुमाल बांधलेला असतानाच फोटो काढ, मग सोड. पानं ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने राहू देत, क्रम चुकलेला वाटला तरी. चिकटपट्टी, लॅमिनेशन, उन्हात वाळवणं, यातलं काहीही नको. हळदकुंकू वाहिलेलं असेल तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटक आणि यापुढे पोथीवर काही वाहू नका असं सांग. आजी रागावली तर तिला पोथीतलाच श्लोक दाखव. लिहिणाऱ्यांनी शेवटी घातलेला असतो, ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’: तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा. धुतलेला सुती रुमाल आणि कोरडं कपाट एवढं पुरतं. वाटणीत एक पोथी अर्धी अर्धी होऊ देऊ नका. हसू नकोस, होतं असं. घरी ठेवायच्या नसतील तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, नाहीतर इथे भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकरमध्ये दाखवा, आणि दिल्याच तर पोथीवार यादी करून तिच्यावर पोच घ्या. लंडनला दाखवायला म्हणून एखादी बॅगेत टाकायचा विचार मनात असेल तर तोही सोड. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं 75 वर्षांवरचं हस्तलिखित 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते असं परदेशी नेता येत नाही.

आता लंडन. माझं मत विचारलंस तर यंदा जाऊ नकोस, आणि राहतं घर तारण ठेवून तर मुळीच नाही. या बाबतीत आईचं बरोबर आहे. मात्र तिचं कारण वेगळं आणि माझं वेगळं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात चॉसर आहे, मोडी आहे, संस्कृत आहे. लॅटिन कुठेच नाही. मध्ययुगीन युरोपातली बहुसंख्य हस्तलिखितं लॅटिनमध्ये आहेत. चॉसरच्या इंग्लंडातसुद्धा चर्च, कोर्टकचेरी, विद्यापीठ, सगळीकडे लॅटिन आणि त्याच्या जोडीला फ्रेंच. इंग्रजी हस्तलिखितं त्या ढिगातला एक लहानसा कोपरा. टोरांटो विद्यापीठाच्या मध्ययुगीन अभ्यासकेंद्रात लॅटिनच्या दोन पातळ्यांच्या परीक्षा घेतात, एक एम.ए.साठी, एक पीएच.डी.साठी, आणि त्या परीक्षांत भले भले अडकतात. लंडनच्या वर्षभरात तू लॅटिनचा श्रीगणेशा करशील, त्याच वेळी लिप्या शिकशील, त्याच वेळी निबंध लिहिशील, आणि उन्हाळ्यात प्रबंध देऊन परत येशील. हातात पदवी असेल, पण पुढच्या दारावर ‘लॅटिन किती?’ हाच प्रश्न उभा असेल. तिकडची मुलं शाळेपासून नाही तरी बी.ए.पासून लॅटिन करून आलेली असतात.

भाषा नसेल तर अक्षरही वाचता येत नाही, हे तुला मोडीने दाखवलंच आहे. पुस्तकातली मोडी वाचतेस आणि कागद अडतो, याचं कारण डोळे नव्हेत. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. हात उचलत नाही, शब्द तोडत नाही, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा करत नाही. अशा ओळीत शब्द कुठे संपला हे मायना, म्हणजे पत्राची ठरलेली भाषा, माहीत असेल त्यालाच दिसतं. ‘रा॥’ आलं की राजश्री, ‘छ’ आला की चंद्र, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख येणार. ‘सन सबा सबैन मया व अलफ’ हे वाचणाऱ्याच्या तोंडी बसलेलं असतं: सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे मराठी कागदांतल्या शुहूर कालगणनेचा सन 1177, त्यात 599 मिळवले की इसवी 1776, मृगापासून पुढचं वर्ष. हे आकडे अरबीतले, मायना फारसीच्या वळणाचा, मजकूर मराठी. लॅटिनमध्ये हेच चालतं. तिथे ‘पी’ अक्षराच्या खालच्या दांडीला आडवी रेघ मारली की ते ‘पेर’, रेघ वळवून डावीकडून काढली की ‘प्रो’. ज्याला वाक्यात ‘पेर’ अपेक्षितच नाही त्याला ती रेघ डाग वाटते.

म्हणून पहिला प्रश्न कोणत्या विद्यापीठात जायचं हा नाही. कोणत्या भाषेतले कागद पुढची 20 वर्षं वाचत बसायला आवडेल, तो आहे. लॅटिन हेच उत्तर असेल तर इलाज नाही, बाहेर जावं लागेल. पण मग आधी इथे दोन वर्षं लॅटिन कर. ऑनलाइन शिकवण्या आहेत, आणि व्याकरण पाठ करायला लंडनची हवा लागत नाही. हौस किती टिकते हेही त्यात कळेल. एकदा मुंबईला एशियाटिक सोसायटीतही जाऊन ये. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं चौदाव्या शतकातलं मानलं जाणारं हस्तलिखित तिथे आहे, एल्फिन्स्टनने दिलेलं. रोज कुणाला काढून दाखवत नाहीत, तेव्हा आधी पत्र लिही. पडद्यावरच्या फोटोंवर फार विसंबू नकोस. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांची डिजिटल हस्तलिखितं कितीतरी महिने जगाला दिसेनाशी झाली. ज्यांचं संशोधन फक्त त्या चित्रांवर उभं होतं ते हात चोळत बसले.

पण माझा अंदाज, तुझं उत्तर लॅटिन नाही. चॉसरच्या फोटोंनी तुला जे वेड लावलं ते जुन्या पानाचं वेड आहे, आणि जुनं पान तुझ्या आजोळी कपाटावर पडलंय.

तेव्हा पुण्याकडे वळू. इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही सांगते. पुस्तिका छापून ‘या, हस्तलिखितशास्त्र शिका, दोन वर्षांत तयार व्हा’ असं म्हणणारं दुकान इथे नाही. शिक्षण विखुरलेलं आहे. संस्कृत किंवा मराठीची एम.ए. विद्यापीठात नाहीतर टिळक महाराष्ट्र विद्यापीठात करायची, मोडीचे वर्ग मंडळात किंवा पुराभिलेखागारात, लिपी आणि पोथीवाचनाच्या कार्यशाळा निघतील तिथे आणि निघतील तेव्हा. उरलेलं पोथीसमोर बसून. ज्या शहरात हा साठा आहे तिथे हे बसणं मात्र शक्य आहे. भांडारकरमधला सरकारी संग्रह मुंबई सरकारने 1866 पासून जमवायला घेतला. ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर, पीटरसन अशी माणसं त्यासाठी गावोगाव हिंडली, आणि संस्था 1917 साली उभी राहिल्यावर तो डेक्कन कॉलेजातून तिच्याकडे आला. आनंदाश्रम अप्पा बळवंत चौकात आहे, पाठ्यपुस्तकं घ्यायला तू शंभरदा त्याच्यासमोरून गेली असशील. पेशवे दफ्तरात तर मोडी रुमालांच्या मांडण्याच्या मांडण्या आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले, तरी न वाचलेलेच जास्त.

आणि पद्धत म्हणशील तर तीही इथे घडली आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, भांडारकरमध्ये 1919 साली सुरू झाली आणि 1966 साली पुरी झाली; 1,259 हस्तलिखितं त्यासाठी तपासली. काम कसं चालायचं ते बघ. उभ्याआडव्या रेघा आखलेला फुलस्केप कागद. वरच्या ओळीत एक श्लोक, एका घरात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि तिच्यात जिथे पाठ वेगळा आहे तेवढंच अक्षर त्याच्या घरात. असा तक्ता भरला की कोणत्या पोथ्या एका बाजूला जातात हे उभं वाचलं तरी दिसू लागतं. हे काम 1925 पासून ज्यांच्या हाती आलं ते वि. सी. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले होते आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे पीएच.डी. झाले होते. म्हणजे बाहेर जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. कशासाठी जातोय हे ठाऊक असावं, एवढंच.

यातलंच एक लहान काम मी तुला नेमून देते. एखादं छोटं स्तोत्र किंवा माहात्म्य निवड, 50 श्लोकांच्या आतबाहेर, ज्याच्या पुण्यात निदान पाच पोथ्या आहेत आणि ज्याची नीट तपासलेली आवृत्ती निघालेली नाही. सूची चाळण्यात आठवडे जातील. जाऊ देत, तोही अभ्यासच. मग वरच्यासारखा तक्ता कर. दोन-तीन पोथ्या झाल्या की लेखकु, म्हणजे पोथी उतरवून घेणारा, दिसायला लागेल. त्याला च आणि व, भ आणि म, घ आणि ध सारखे दिसतात. जुन्या पोथीत ‘ए’ची मात्रा अक्षराच्या मागे, डावीकडे उभ्या रेघेसारखी येते, ती पृष्ठमात्रा न कळलेला नवा लेखकु तिला काना समजतो आणि आधीच्या अक्षराला जोडून देतो. दोन ओळी एकाच शब्दावर संपत असतील तर त्याचा डोळा पहिलीवरून दुसरीवर घसरतो आणि मधला श्लोक गळतो. मग तो गाळलेलं समासात लिहितो, ओळीत काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी, खूण करतो. चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचा पिवळा रंग फासतो आणि वर नवं लिहितो. हरताळेखाली काय होतं ते तिरप्या उजेडात पान धरलं तर पुष्कळदा वाचता येतं.

आता महत्त्वाचं. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा आहे यावरून त्यांचं नातं ठरत नाही, बरोबर पाठ सगळीकडेच असायचा. चूक सारखी असेल तर नातं. तोच श्लोक दोघींत गळला असेल, तोच विचित्र अपपाठ, म्हणजे चुकीचा शब्द, त्याच जागी दोघींत असेल, तर एक दुसरीवरून उतरली किंवा दोघी एकाच तिसरीवरून. पाच पोथ्यांचा असा वंश मांडून, का मांडला ते 20 पानांत लिहून काढलंस, की तुझ्या हातात एम.ए.च्या गुणपत्रिकेपेक्षा वजनदार काहीतरी असेल. आपल्याकडे हे खूळ नवं नाही. ज्ञानेश्वरीचे पाठ भ्रष्ट झालेले पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रत शुद्ध केली, आणि ते सालसुद्धा ओवीत घालून ठेवलं. राजवाड्यांनी त्याहून जुनी म्हणून जी पोथी मिळवली तिच्यावरून 1909 साली ज्ञानेश्वरी छापली, पण ती पोथी पुढे गहाळ झाली. वाद आजही मिटत नाही, कारण दाखवायला मूळच नाही.

संग्रहालयात वागायचं कसं हे कोणी शिकवत नाही, म्हणून दोन शब्द. शाईचं पेन आत नेऊ नकोस, शिसपेन्सिल ने. बोटाला थुंकी लावून पान उलटणारी मोठमोठी माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नकोस. हातमोज्यांचं सगळे विचारतात. कागदाच्या पोथीला स्वच्छ, कोरडे हातच बरे. मोज्यात पानाची कड बोटाला कळत नाही आणि पान फाटतं. मार्गदर्शकाचं पत्र, ओळखपत्र आणि पोथीचा नेमका क्रमांक घेऊन जा. ‘मला जुन्या पोथ्या बघायच्यात’ म्हणून येणाऱ्यांना ग्रंथपाल वैतागलेले असतात, आणि त्यांचं चुकत नाही. मंडळाच्या ग. ह. खऱ्यांनी लिहिलेलं ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक मिळवून वाच. जुनं आहे, पण कालगणना आणि साधनं यांच्यासाठी अजून तसं दुसरं हाताशी नाही.

पुण्याची उणीवही सांगते, कारण तुझी संधी तिथे आहे. इथलं शिक्षण मजकुरावर भर देणारं आहे, पोथी ही वस्तू म्हणून पाहणारं नाही. आपल्या सूचीत ग्रंथाचं नाव, कर्ता, पत्रसंख्या, लांबीरुंदी, शक आणि सुरुवात-शेवट मिळतात. कागद जुन्नरी की दौलताबादी, घोटीव की साधा, रेघा कशा आखल्या, हात किती बदलले, लाकडी फळ्या मूळच्या की नंतरच्या, पोथी कुणाकुणाकडे फिरली, यावर बहुतेक ठिकाणी ओळसुद्धा नसते. भांडारकरचे प. कृ. गोडे शाई-कागदासारख्या गोष्टींवर लिहीत राहिले, ते अपवाद. युरोपात नेमकं हे शिकवतात: वह्या कशा शिवल्या, चर्मपत्राची केसाची बाजू कोणती, रेघा आखण्यासाठीच्या टोचण्या कुठे आहेत, त्यावरून पुस्तक कुठे बांधलं. ते शिकायला बाहेर जरूर जावं. फक्त त्यासाठी वर्षाची पदवीच लागते असं नाही. लंडनमध्ये उन्हाळ्यात लिपिशास्त्राचे छोटे वर्ग भरतात; अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात ‘रेअर बुक स्कूल’ आहे, 1983 पासून चालत आलेलं, आठवड्याआठवड्याचे अभ्यासक्रम घेणारं. दोन वर्षं पोथ्या हाताळून तिथे गेलीस तर एका आठवड्यात जे वेचशील ते आत्ता वर्षभरात वेचता येणार नाही.

आणि एक वाट तू पत्रात अर्ध्या वाक्यात उल्लेखून सोडून दिली आहेस, छपाईच्या सुरुवातीची पुस्तकं. तुझ्यासाठी मला तीच जास्त मोकळी दिसते. इंग्रजीच्या एम.ए.त शिकलेली पुस्तकशास्त्राची पद्धत इथे थेट लागू पडते आणि दहा वर्षं व्याकरण घोटल्याशिवाय सुरुवात करता येते. युरोपात 1501 च्या आधीच्या छापील पुस्तकांच्या सूच्यांवर सूच्या आहेत, एकेका प्रतीचा माग काढलेला. मराठीत 1867 पर्यंतच्या पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. त्या साली छापखान्यांचा कायदा आला आणि पुस्तकांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधीचं रान अजून पुष्कळ मोकळं आहे. गोव्यात छापखाना 1556 साली आला, फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरहून 1805 साली निघालं, आणि त्याच साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली. मग मुंबईत गणपत कृष्णाजींचा शिळाप्रेस आला आणि छापील पोथ्या घरोघर गेल्या.

या शिळाछाप पोथ्या फार मजेच्या. तेलकट शाईने हाताने लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि छापायचं, म्हणून अक्षर हुबेहूब हातचं. पानंही सुटी, आडवी, दोन्ही बाजूंना समास सोडलेला. लोक त्यांना हस्तलिखित समजून जपतात, कधी कधी सूचीतही तशीच नोंद होते. तुझ्या आजोळच्या रुमालात अशा एक-दोन निघतीलच. ओळखायचं असं: बोरूने लिहिताना शाई कुठे दाट, कुठे फिकी होते, टाक बुडवला की पुढचं अक्षर ठसठशीत येतं. शिळाछापात सगळं पान एकाच तोलाचं असतं. हरताळ नसते. आणि त्याच पोथीची दुसरी प्रत मिळाली तर तुटकी वेलांटी दोन्हीकडे त्याच जागी तुटलेली दिसते. शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1800 ते 1937 पर्यंतची आहे. ती घेऊन पुण्याच्या नगर वाचन मंदिरापासून सुरुवात कर, 1848 ची संस्था आहे, आणि कोणत्या नोंदीची प्रत खरोखर कुठे आहे एवढंच तपासत जा. विसाव्या शतकाकडे येता येता कागद लाकडाच्या लगद्याचा होत गेला, तो हातात तुटतो. पोथी 300 वर्षं टिकते आणि 1900 सालचं पुस्तक मोडतं. त्यामुळे या कामाला मुदतही आहे.

नोकरीचं तू थेट विचारलंस, थेट सांगते. कायम जागा फार थोड्या, आणि त्या भरल्या जात नाहीत म्हणून आणखी थोड्या. प्रकल्पाची कामं येतात आणि प्रकल्पाबरोबर संपतात. राष्ट्रीय हस्तलिखित अभियान 2003 साली आलं. 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ जाहीर झालं, 1 कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी आणि जतन करायचं म्हणून. अशा लाटेत वाचणारी माणसं लागतात. पण कंत्राट वर्षाचं असतं हे धरून चाल. मोडी मात्र पोटापाण्याची विद्या आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. जमिनीच्या दाव्यांचं, वंशावळींचं लिप्यंतर तर बारमाही. आधी नेटची परीक्षा दे. तिच्यातून मिळणारी संशोधनवृत्ती, जेआरएफ, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, तेवढ्यात पुण्यात घरी राहून संशोधन होतं. ग्रंथालयशास्त्राची पदवी जोडीला घेतलीस तर हस्तलिखित विभागाची दारं किलकिली होतात. जतन करण्याचं काम, म्हणजे कीड, बुरशी, आम्ल वगैरे, हा वेगळाच पेशा आहे. त्याला रसायनशास्त्र लागतं, त्यात आत्ता शिरू नकोस.

आणि परदेशाचं गणित नीट समजून घे. एम.ए.ला आपण पैसे भरतो, पीएच.डी.ला चांगल्या ठिकाणी ते आपल्याला देतात. हॅम्बुर्गला हस्तलिखितांच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे. तिथे भारतीय, तिबेटी, अरबी, इथिओपियन हस्तलिखितांवर काम करणारे एकत्र बसतात. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे भारतीय पोथ्यांचा मोठा संग्रह आहे, त्याची चित्रं फुकट पाहता येतात; आजपासून सरावाला घे. एम.ए.च करायची झाली तर फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, ऑक्सफर्ड आणि लंडनच्या सोआसला भारतीय विद्यार्थ्यांसाठी; इनलॅक्स शिष्यवृत्ती आहे; जे. एन. टाटा एन्डाउमेंटचं कर्ज आहे, फ्लॅटवरच्या कर्जापेक्षा कितीतरी सौम्य. या सगळ्यांना तुझा अर्ज आज पाठवलास तर त्यात काय असेल? चॉसरचे फोटो आवडतात, इतकंच. पाच पोथ्यांचा तक्ता आणि वाईच्या रुमालांची तू स्वतः केलेली यादी जोडलीस तर निवडणारा माणूस अर्ज बाजूला काढून ठेवेल.

लंडनच्या विद्यापीठाला या आठवड्यात ईमेल कर: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी पुन्हा विचार होईल का. बरीच विद्यापीठं ढकलून देतात. अनामत रक्कम अजून भरली नसशील तर उत्तर येईपर्यंत भरू नकोस. बाबांनी भरलीच असेल तर परतीचा नियम लेखी मागव. नाही म्हणाले तरी पुन्हा अर्ज करता येतोच. नेटचा फॉर्म निघाला की भर, विषय इंग्रजीच ठेव, त्याची तयारी झालेली आहे. संस्कृतच्या एम.ए.ला बाहेरून बसायचं की नियमित, ते एकदा विभागात जाऊन बोल. फोनवर नको, सकाळी जा. आणि वाईहून आल्यावर मला यादी पाठव. पत्रसंख्या लिहायला विसरू नकोस.